दोन सेंटिमीटर कमी

अप्पांनी परत जायचं ठरवलं ते एका मंगळवारी, संध्याकाळच्या चहाला, बिस्किट चहात बुडवून धरलेलं असताना.

"तनय, माझं तिकीट जरा अलीकडचं करून घे," ते म्हणाले. "या महिनाअखेरचं बघ."

बिस्किट तुटून कपात पडलं. अप्पांनी ते चमच्याने काढायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, यावरून स्वरूपाला कळलं की माणूस गंभीर आहे.

अप्पा म्हणजे तिचे सासरे, रेवदंड्याचे आत्माराम. तहसील कचेरीत त्यांनी तीस वर्षं काम केलं ते पगारासाठी. खरी नोकरी केली ती खाडीवर, बोटाला दोरा गुंडाळून आणि गरीला कोळंबी लावून. मे महिन्यात ते जर्मनीत, कार्ल्सरूहेला आले ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहायच्या बोलीवर. सासूबाई आल्या नाहीत. "विमानात मांडी घालता येते का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं, आणि नाही म्हटल्यावर विषय संपवला होता.

"का हो अप्पा? काही चुकलं का आमचं?" स्वरूपाने विचारलं.

"छे गं. तुमचं काय चुकणार? देशच चुकलाय. रविवारी खिळा ठोकायचा नाही, दुपारी मोठ्यानं बोलायचं नाही. आणि मासा विचाराल तर बर्फातलं प्रेत. परवा तनयनं आणला तो चौकोनी होता. चौकोनी मासा मी जन्मात पाहिला नव्हता."

तनय हसला. तो मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर आधी हसून बघायची त्याला सवय होती. स्वरूपाला हसू आलं नाही. 

त्याचं कारण असं. तिचा प्रबंध एकतीस ऑगस्टला द्यायचा होता. प्रोफेसर सप्टेंबरात निवृत्त होणार, म्हणजे तारीख चुकली की तिचं चार वर्षांचं काम नव्या माणसाच्या टेबलावर, नव्या शंकांसह. अकरा महिन्यांच्या उर्जाला किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा मिळाली होती ती एक सप्टेंबरपासून. मधला आख्खा महिना अप्पांच्या खांद्यावर होता, अगदी शब्दशः. कारण उर्जा दिवसा झोपायची ती फक्त त्या खांद्यावर. रोज सकाळी अप्पा तिला कापडी झोळीत छातीशी बांधून तळ्याला चक्कर मारायला जायचे, आणि त्या अडीच तासांत स्वरूपा पानं लिहायची. चहा गार, केस तसेच, पण पानं व्हायची.

हे सगळं अप्पांना सांगावं तर कसं? "तुम्ही राहा, कारण मला तुमचा खांदा हवाय," असं सुनेनं सासऱ्याला म्हणायचं? सांगलीकडच्या तिच्या माहेरी असं बोलायला शिकवलेलं नव्हतं.

"मासा तर तळ्यातसुद्धा आहे," ती घाईघाईने म्हणाली.

"त्या डबक्यात?" अप्पा म्हणाले. ते तळं म्हणजे बागरझे. रेती-खडी उपसून झाली की मागे राहिलेला मोठा खड्डा, त्यात झरून आलेलं हिरवंनिळं पाणी, कडेला गवत आणि उन्हाळ्यात अर्धं गाव आंघोळीला. "मी दोन महिने बघतोय. ती माणसं खुर्ची टाकतात, छत्री टाकतात, बिअर उघडतात. मासा एकानं काढलेला दाखव! अगं, त्यांना मासा नकोच आहे. त्यांना घरातून बाहेर पडायचंय."

"हेश्त आहे त्यात. बार्शसुद्धा आहेत."

"पुस्तकात."

"मी काढून दाखवला तर?"

 तनय हसायचा थांबला. अप्पांनी सुनेकडे पाहिलं. ही पोरगी लग्नानंतर पहिल्यांदा रेवदंड्याला आली तेव्हा बोंबील वाळत घातलेल्या अंगणातून नाकाला पदर लावून, डोळे मिटून गेली होती आणि तुळशीवृंदावनावर आदळली होती.

"तू मासा काढलास," अप्पा सावकाश म्हणाले, "तर मी पंधरा सप्टेंबरपर्यंत इथून हलणार नाही. रविवारपर्यंत मुदत. नाहीतर सोमवारी तनय तिकीट बदलेल."

आता कुणी विचारेल, की गळ टाकायचा तर अप्पांनी स्वतःच का नाही टाकला? तर तिथेच सगळी गोम होती. या देशात पाण्यात गळ सोडायला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा लागते, परीक्षेला तीस तासांचा वर्ग लागतो, आणि हे सगळं जर्मनमध्ये. घरात तो परवाना एकाच माणसाकडे होता, आणि ते माणूस अंडंसुद्धा खात नव्हतं.

गेल्या शरद ऋतूत वर्गाला नाव घातलं होतं तनयने. वडील येणार म्हणून. पहिल्याच शनिवारी त्याला कंपनीने बोलावलं. "तू नुसती जाऊन बस आणि टिपणं काढ," तो म्हणाला. स्वरूपा दोन महिन्यांच्या उर्जाला घेऊन गेली. ते दिवस असे होते की उर्जा पाळण्यात झोपत नव्हती, गाडीत झोपत नव्हती, गाण्याने नाही, अंगाईने नाही, व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजानेही नाही. त्या वर्गात एक म्हातारे गुरुजी माशाच्या कल्ल्यांबद्दल बोलायला लागले, एका सुरात, मध्ये श्वास न घेता, आणि चौथ्या मिनिटाला उर्जा गाढ झोपली. दोन तास! स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मिशीवाल्याला वाटलं, बाईला कल्ल्यांचं फारच वाईट वाटतंय. त्यानंतर तिने एकही वर्ग चुकवला नाही, तनयच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि नोव्हेंबरात साठपैकी सत्तावन्न प्रश्न बरोबर सोडवले. जिवंत मासा मात्र तिने आजतागायत हातात धरला नव्हता.

बुधवारची वेळ ठरवताना पहिला वाद झाला.

"पहाटे जायचं," स्वरूपा म्हणाली. "उन्हाळ्यात दिवस तापला की मासे खोल जातात. पहाटे काठाशी येतात."

"पहाटेच," अप्पा म्हणाले. "पण किती वाजता? उद्या षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती पूर्ण."

"अप्पा, तळ्याला भरती नसते हो."

"पाण्याला नसेल. माशाला असते."

स्वरूपाचा प्रबंध नेमका अशाच तळ्यांच्या पाणीपातळीवर होता. गेली चार वर्षं ती पाण्यात पट्ट्या रोवून मिलिमीटर मोजत होती. "मी मोजलंय," ती म्हणाली. "चंद्रामुळे एक मिलिमीटरही—"

"चंद्र काय फक्त रेवदंड्यावर आहे? मग इथे रात्री दिसतो तो कोण?" सासूबाईंनी बॅगेत खास घालून दिलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं, अप्पांनी त्यावर बोट ठेवलं. मग त्यांना एकदम शंका आली. "साडेचार इथली, का आपल्याकडची? साडेतीन तासांचा फरक आहे."

"इथली धरा," स्वरूपा म्हणाली. वाद वाढवण्यात अर्थ नव्हता. उर्जा चारला उठतेच, आणि वेळ पुस्तकालाही पटणारी होती. चुकीच्या गणितातून बरोबर उत्तर आलं तर गुण द्यायचे असतात.

तर बुधवारी पहाटे साडेचारला, उजाडायला अजून तास असताना, तळ्याच्या काठी असं दृश्य होतं: पुढे स्वरूपा, तनयच्या रेनकोटात, हातात नवी कोरी गळाची काठी, तिच्या मागे दोन पावलांवर अप्पा, डोक्याला कानटोपी, छातीवर झोळी, झोळीत टक्क जागी उर्जा. अप्पांच्या खिशात पुडी होती. पुडीत सुका जवळा.

"हा लाव गरीला."

"इथे हेश्तला असला रबरी मासा लावतात," स्वरूपाने डबीतून एक हिरवा, लवचीक मासा काढला. पुढे वीतभर पोलादी तार होती, कारण हेश्तचे दात दोरा कातरतात.

अप्पांनी तो मासा दोन बोटांत धरून दाबला. तो वाकला आणि परत सरळ झाला. "मुलांचं खेळणं आहे हे. मासा म्हणजे काय उर्जा आहे, तोंडात घालायला?"

झोळीतून उर्जाने हात पुढे केलाच.

पहिल्या फेकीला रबरी मासा मागच्या झाडावर गेला. दुसऱ्या फेकीला तो पाण्यात गेला, पण बरोबर तनयच्या रेनकोटाची टोपीही घेऊन गेला. अप्पांनी कपाळावर हात मारला. "अगं, मनगट! धुणं आपटतेस का? मनगट असं... अस्सं..." आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात पुढे आला आणि काठीवर पडला.

"हात!" मागून जर्मनमध्ये आवाज आला.

सायकलवरून एक बाई उतरत होत्या. सत्तरीच्या, हिरवं जाकीट, पुढच्या टोपलीत एक बुटका कुत्रा. त्या फ्राउ रीडिंगर. या तळ्यावर गळवाल्यांवर देखरेख करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तळ्याच्या काठचं पानही त्यांना विचारून पडत असे. त्यांनी परवाना पाहिला, तळ्याचं आठवड्याचं कार्ड पाहिलं, मग अप्पांना पाहिलं.

"यांचा परवाना?"

"यांचा नाही."

"मग यांनी काठीला हात लावायचा नाही."

"काय म्हणते ती?" अप्पांनी विचारलं.

"हात लावायचा नाही म्हणतात."

"तिला सांग, मी हात लावला नाही. मी दाखवत होतो. ती जन्मायच्या आधीपासून... बरं, तेवढी म्हातारी आहे ती. पण तरी सांग."

स्वरूपाने त्यातलं सांगण्यासारखं सांगितलं. फ्राउ रीडिंगरनी अप्पांच्या झोळीत डोकावून पाहिलं. उर्जाने त्यांच्या नाकाला हात लावला, विनापरवाना. बाईंचा चेहरा जरा सैल झाला.

"यांनी बाळ धरावं," त्या म्हणाल्या. "बाळ धरायला परवाना लागत नाही."

त्या दिवशी काही मिळालं नाही. दुपारी सासूबाईंचा फोन आला, "मिळाला का हो?" अप्पा म्हणाले, "तुझी सून झाडावरचे मासे पकडते."

गुरुवारी सप्तमी, म्हणून सव्वापाच. नुकतं कुठे फटफटत होतं. पाणी काचेसारखं, एक सुरकुती नाही. स्वरूपा फेकत होती आणि ओढत होती, आणि आता निदान तळ्याच्या दिशेने फेकत होती. अर्धा तास गेला. अप्पा एकदम थबकले.

"डावीकडे बघ," ते हळूच म्हणाले. "पाणी उकळतंय."

खरंच, तीस पावलांवर, पोहणाऱ्यांच्या लाकडी फळीपाशी, पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं. नखाएवढी पिल्लं मूठ-मूठ उडत होती, पावसाचे थेंब उलटे पडावेत तशी.

"खालून कोणीतरी हाणतंय त्यांना. टोळी आहे," अप्पा कुजबुजले. त्यांचे डोळे असे चमकत होते की दोन महिन्यांत स्वरूपाने तसे पाहिले नव्हते. "पळू नकोस. पाय आपटू नकोस. काठावरची थरथर त्यांना कळते."

"बार्श असणार," तीही कुजबुजली. "पुस्तकात आहे. उन्हाळ्यात टोळीनं शिकार करतात."

"पुस्तक मिटव आणि टाक!"

तिने लहान, चमच्यासारखी चकाकणारी पत्र्याची पट्टी लावली, फेकली, आणि काठीला एक टचका बसला. इतका छोटा आणि इतका जिवंत, की उर्जाने पोटात पहिल्यांदा लाथ मारली होती ते तिला आठवलं. "आलं!" ती ओरडली. "अप्पा, आलं!"

आलं ते बोटाएवढं होतं. हिरवट अंगावर काळे पट्टे, लाल पर, आणि चेहऱ्यावर भयंकर राग. काठावर येताच त्याने स्वतःच गरी सोडली, एक उडी मारली आणि निघून गेलं.

"मासा!" स्वरूपा म्हणाली.

"हा मासा नव्हे," अप्पा म्हणाले. "ही माशाची जाहिरात होती. मांजरानंसुद्धा परत केली असती."

"पण पैजेत—"

"पैजेत ताटात बसेल असा मासा. मी कचेरीत होतो, पळवाटा मला शिकवू नकोस."

पण घरी जाताना ते झोळी थोपटत गुणगुणत होते.

शुक्रवारी वादळी पाऊस. शनिवारी उर्जाचा दात. रात्रभर रडून ती पहाटे झोपली, मग कुणीच उठलं नाही, आणि तळ्यावर पोचेपर्यंत अकरा वाजले. तोवर तिथे जत्रा भरली होती. रबरी बोटी, टॉवेल, सॉसेजचा धूर. ऊन टाळूवर. स्वरूपा दोन तास फेकत राहिली. गळाला एक पोहण्याचा चष्मा लागला.

"नवमीची भरती पावणेसातला होती," अप्पा म्हणाले. "अकराला ओहोटी. ओहोटीत कोण येणार? मी सांगत होतो, लवकर नीघ. पण तुमच्याकडे तिथीला किंमत नाही."

तिची झोप झाली नव्हती, खांदा दुखत होता, लिहायचं पान सलग चौथ्या दिवशी कोरं होतं. तोंडातून निघून गेलं.

"अहो अप्पा, तुम्हाला मासा हवाय, मला ऑगस्ट हवाय! एकतीसला प्रबंध द्यायचाय मला. तुम्ही गेलात तर हिला कोण घेणार? म्हणून उभी आहे मी इथे उन्हात, नाहीतर मला त्या बिचाऱ्या माशाचं काय करायचंय?"

बोलून झाल्यावर तिला काठीसकट पाण्यात उडी मारावीशी वाटली.  अप्पांनी उर्जाच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, झोळीची गाठ पुन्हा बांधली, आणि घराकडे चालू लागले.

रात्री तिने तनयला सांगितलं. तो नेहमीप्रमाणे हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "बोलतील ते," तो म्हणाला.

पण अप्पा बोलले नाहीत. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा ते कानटोपी घालून, उर्जाला बांधून, दाराशी उभे होते. नुसते म्हणाले, "साडेसात." भरतीचं नावही काढलं नाही.

आभाळ दाटलेलं होतं, म्हणून तळ्यावर अजून कोणी पोहायला आलेलं नव्हतं. अप्पा नेहमीच्या जागी थांबले नाहीत. ते काठाने चालत राहिले. दहा पावलं चालायचे, थांबायचे, पाण्याकडे पाहायचे. पोहण्याच्या फळीपाशी गुरुवारचीच पिल्लं, बार्शची टोळी त्यांच्या मागे. अप्पा पुढे गेले. पलीकडच्या टोकाला, जिथे पाण्याखालचं गवत संपून पाणी एकदम काळं होतं, तिथे ते उभे राहिले. बराच वेळ.

"इथे बारक्यांची एक टोळी गवतावरून येते," ते शेवटी म्हणाले, "आणि त्या कोपऱ्याशी आली की दुभंगते. दोनदा बघितलं. कोणाला तरी वळसा घालून जातायत."

स्वरूपाने पाहिलं. चांदीच्या किसासारखी ती पिल्लं गवतावरून सरकत आली आणि एका जागी दोन्हीकडे फाकली, पुढे पुन्हा एक झाली. मधे काहीच दिसत नव्हतं.

"हेश्त," ती हळूच म्हणाली. "गवताच्या कडेला, सावलीत, न हलता उभा राहतो. तासन्‌तास. आणि मग एकदम."

"वरून टाकू नकोस. त्याच्या डोक्यावर पडेल. पलीकडे टाक आणि त्याच्या तोंडासमोरून ने. जखमी असल्यासारखा. लंगडत."

तिने फेकलं. मनगटाने. धुणं आपटल्यासारखं नव्हे. रबरी मासा गवताच्या पलीकडे पडला. तिने रीळ फिरवलं, थांबली, फिरवलं, थांबली.

मग काळ्या पाण्यातून एक फांदी सुटल्यासारखी निघाली आणि काठी वाकली.

पुढच्या चार मिनिटांत कोण काय बोललं ते नंतर दोघांनाही नीट सांगता आलं नाही. "सोड, दोरा सोड!" "धरू का सोडू?" "धरून सोड!" "म्हणजे काय हो?" अप्पांचे दोन्ही हात हवेत होते, आणि काठी नसलेल्या हातांनी ते काठी चालवत होते. मागे रेलत होते, वळत होते, रीळ फिरवत होते. छातीवर उर्जा त्या झोक्यांनी खूश होऊन किंचाळत होती. एकदा स्वरूपाचा पाय घसरला आणि ती गुडघाभर पाण्यात गेली, तेव्हा अप्पांनी तिच्या रेनकोटाची मागची कॉलर पकडली. सुनेला धरायला परवाना लागत नव्हता.

आणि मग तो जाळीत होता. लांब, हिरवा, अंगभर पिवळे ठिपके, बदकासारखी चपटी चोच आणि चोचीत सुयांचं दुकान. स्वरूपाने पक्कड घेऊन गरी सोडवली. रबरी मासा निघाला. त्याला शेपूट उरली नव्हती.

"वा!" अप्पा म्हणाले. "वा गं पोरी! वा! काय जनावर आहे! याची आमटी नको, हा तळायचा. तिरफळ आहे ना घरात? नसलं तर नसलं!"

स्वरूपाने हात ओले केले, जसं शिकवलं होतं तसे, आणि मोजपट्टी अंथरली. जबड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत.

तिने पट्टी सरळ केली. पुन्हा मोजलं.

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"मग?"

"पन्नासच्या खालचा हेश्त सोडून द्यावा लागतो, अप्पा. नियम आहे."

अप्पांनी मोजपट्टीकडे असं पाहिलं जसं कचेरीत ते अर्धवट भरलेल्या अर्जाकडे पाहत असतील. "दोन सेंटिमीटर म्हणजे काय गं? नखाएवढं. शेपूट जरा ताण."

"ताणलीय."

"तोंड उघडून मोज."

"मिटूनच मोजायचं असतं."

अप्पांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सायकल नाही, हिरवं जाकीट नाही, कुत्रं नाही. तळ्यावर आभाळ आणि ते तिघं. "कोणी नाहीये," ते म्हणाले, आणि मग आवाज अगदी खाली आणून, तळ्यालाही ऐकू जाऊ नये असा, "स्वरूपा. पन्नास आहे म्हण. पैज जिंकलीस."

तिच्या डोळ्यांसमोरून ऑगस्टचे एकतीस दिवस गेले. रोज अडीच तास. टेबल, गार चहा, शांतता. हातात एक थंड, गुळगुळीत, जोरकस जीव होता आणि तो कल्ले उघडत होता, मिटत होता. तिला तो कसा धरावा कळत नव्हतं, पण हातांना कळलं होतं. एक तळवा मानेखाली, एक पोटाखाली. दवाखान्यातल्या सुईणबाईने उर्जाच्या पहिल्या आंघोळीला शिकवलं होतं तसा तो तिने धरला होता.

"अप्पा," ती म्हणाली, "बारका आहे हो हा अजून."

ती गुडघ्यावर बसली आणि त्याला पाण्यात धरलं. तो क्षणभर तिच्या तळव्यावर तसाच राहिला, विचार केल्यासारखा. मग शेपटीचा एक फटका, तिच्या तोंडावर पाणी, आणि काळ्या पाण्यात काही नव्हतं.

ती उठेपर्यंत अप्पा चालू लागले होते.  पाठीमागून काठी-जाळी घेऊन चालताना ती त्यांच्या कानटोपीकडे बघत होती. संपलं, ती मनात म्हणत होती. आता सोमवारी तिकीट. रात्री लिहायचं, पहाटे लिहायचं, लिहिता येईल तेवढं लिहायचं. आणि नाहीच झालं तर नाही.

दार उघडलं तेव्हा तनय टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या परीने तो मदत करत होता. "अप्पा, तीस जुलैला खिडकीची एक जागा आहे," तो म्हणाला. "धरून ठेवू का? उद्यापर्यंत महाग होईल."

अप्पांनी कानटोपी काढली. उर्जा झोळीत झोपली होती, गाल त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर दाबलेला. ते खुर्चीवर हळूच टेकले.

"थांब जरा," ते म्हणाले, आणि सुनेकडे वळले. "तुझ्या पुस्तकात असेल. हा हेश्त महिन्याला किती वाढतो?"

स्वरूपा रेनकोट काढत होती. एक हात बाहीत अडकलेला. "तसं नक्की नाही सांगता येत. खाण्यावर असतं."

"खातो तो. रबराची शेपूट खाल्ली माझ्या डोळ्यांदेखत. उन्हाळ्यात किती?"

"एक... सव्वा सेंटिमीटर धरा."

अप्पांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "म्हणजे दोन वाढायला ऑगस्ट पूर्ण, आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा." ते तनयकडे वळले. "बंद कर ते. पंधरा सप्टेंबरच राहू दे."

"पण पैज हरली ना ती?" तनय म्हणाला.

"पैज गेली खड्ड्यात. त्याची जागा मला माहीत आहे, त्याची सवय मला माहीत आहे. असा मासा पाण्यात ठेवून कोणी गाव सोडतं का? तुझ्या आईनंसुद्धा तोंड पाहिलं नसतं माझं."

"माझा मासा आहे तो, अप्पा," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज जरा विचित्र आला, म्हणून तिने बाही ओढायला पुन्हा सुरुवात केली.

"काठी तुझी. मासा माझा. परवाना तुझ्याकडे, डोळे माझ्याकडे."  उर्जाचं डोकं त्यांनी तळव्याने सावरलं. मग तिच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत विचारलं, "तुझं ते... प्रबंधाचं. किती राहिलंय?"

"चाळीस पानं."

"त्याला दोन सेंटिमीटर, तुला चाळीस पानं," अप्पा म्हणाले. "बघू कोण आधी पुरं करतंय. आणि आता आत जा, दार लावून घे. ही दीड तास उठत नाही."

स्वरूपा ओल्या पायांनीच आत गेली. टेबलावर कालचा कप तसाच होता. तिने तो सरकवला, लॅपटॉप उघडला, आणि बाहेरून अप्पांचा दबका आवाज आला:

"तनय, खायला काय आहे रे? खिचडी? नुसती खिचडी? ...बरं, आण."